कारखाना बंद, तरी रात्रभर अपलोड फुल्ल: आधी कुठे बघायचं?

मिरजोळे_आयटी (रत्नागिरी)

नमस्कार. मिरजोळे एमआयडीसीत मासे प्रक्रिया आणि शीतगृहाचं युनिट आहे, तिथलं आयटी मी बघते. दुसरं कोणी नाही. प्रिंटरपासून बिलिंगच्या सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याकडेच.

सेटअप असा आहे: लोकल ऑपरेटरची १०० एमबीपीएस फायबर, स्टॅटिक आयपी. मायक्रोटिकचा राउटर, मागे दोन मॅनेज्ड स्विच, ऑफिसचे पंचवीसेक पीसी, सीसीटीव्हीचा एक डीव्हीआर आणि फ्रीझरचे तापमान कंट्रोलर. ते कंट्रोलर साहेबांना घरून मोबाइलवर दिसतात. मिरकरवाड्याला जेट्टीजवळ आमचं वजनकाट्याचं छोटं ऑफिस आहे, ते व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, बंद वाट) बिलिंगला जोडलेलं.

अडचण अशी की गेले काही दिवस नेट पार बसतंय. पहाटे बोटी लागतात, मालाचं वजन सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच जेट्टीवरून एंट्री सेव्ह होत नाही. ऑपरेटर म्हणतो, लाइन ओके आहे, तुमचाच अपलोड फुल्ल आहे. त्यांनी ग्राफ पाठवला. रेघ खरोखर वर चिकटलेली आहे, रात्री दोन वाजतासुद्धा. त्या वेळी युनिटमध्ये वॉचमन आणि फ्रीझरवरचा माणूस सोडून कोणी नसतं.

सगळे पीसी स्कॅन केले, काही सापडलं नाही. वाय-फायचा पासवर्ड बदलला, फरक नाही. राउटरचा लॉग उघडला तर परवाच्या वळवात लाइट गेली त्यानंतरचाच आहे, आणि त्याच्या पहिल्या ओळींवर तारीख चक्क १९७० ची.

साहेबांच्या ओळखीच्या व्हेंडरने मोठ्या फायरवॉलचं कोटेशन दिलंय. घ्यायला माझा विरोध नाही, पण आत्ता काय चाललंय हे न कळता पैसे घालायला मन धजत नाही. सुरुवात कुठून करू?

लोटे_बी_शिफ्ट (खेड)

आधी डीव्हीआर बघा. कॅमेरेवाले मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं नंबरवालं दार) उघडून देतात आणि पासवर्ड कंपनीचाच ठेवतात. २०१६ चं मिराई हे मालवेअर असल्याच डीव्हीआर-कॅमेऱ्यांवर वाढलं होतं, ठरावीक पासवर्डची यादी घेऊन टेलनेटवर (दुरून लॉगिन करायची जुनी सोय) ठोकत जायचं. रात्री दहाला डीव्हीआरची वायर काढा, अपलोड खाली आला तर चोर सापडला.

आणि फायरवॉल घेऊन टाका. एकट्या माणसाला हे सगळं हाताने बघत बसायला वेळ कुठून मिळणार?

कुडाळ_नेटवर्कवाला (कुडाळ)

ताई, खरेदी आठवडाभर थांबवा. तुमची शंका रास्त आहे. फायरवॉल वाईट नाही, पण आत्ताच्या राउटरवर जे राहून गेलंय तेच नव्या पेटीवरही राहू शकतं.

डीव्हीआर बघाच. पण त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवा: हा ट्रॅफिक आतल्या एखाद्या मशीनचा आहे की राउटरचा स्वतःचा? मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांपासून शाळांपर्यंत मी हेच काम करतो. नेट बसलं की लोक पीसी फॉरमॅट करत सुटतात, राउटरकडे कोणी वळूनही बघत नाही.

आज रात्री युनिट बंद झाल्यावर विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकचा राउटर चालवायचा प्रोग्राम) इंटरफेसची यादी उघडा. ऑपरेटरची वायर ज्या पोर्टात आहे त्याचा टीएक्स म्हणजे तुमचा अपलोड. आतल्या ब्रिजचा (राउटरचे आतले पोर्ट एकत्र जोडणारा) आरएक्स म्हणजे आतल्या मशीनांनी राउटरकडे पाठवलेलं. आतून ९० एमबीपीएस येतंय आणि बाहेर ९० जातंय, तर दोषी आत आहे. मग स्विचवर जा आणि कोणत्या पोर्टातून येतंय ते शोधा. पण आतून दोन-तीनच येतंय आणि बाहेर ९० जातंय, तर उरलेलं सगळं राउटर स्वतः तयार करतोय. हे बघायला पाच मिनिटं लागतात, वायरी उपटाव्या लागत नाहीत.

मग त्याच बाहेरच्या पोर्टवर टॉर्च (चालू ट्रॅफिक दाखवणारं विनबॉक्समधलं टूल) लावा, प्रोटोकॉल आणि पोर्टच्या टिका चालू करून. एकाच पत्त्याकडे संथ, सलग धार लागलेली असेल तर कॅमेरा किंवा क्लाउड बॅकअप. असंख्य पत्त्यांकडे पोर्ट नंबर २५, २२ किंवा ४४५ वर छोटी छोटी कनेक्शनं असतील तर आत काहीतरी लागण झाली आहे. माझा अंदाज मात्र तिसरा आहे, आणि तुम्ही स्टॅटिक आयपी म्हणालात त्यामुळे तो बळावतो: तुमच्या बाजूला यूडीपी ५३ दिसेल, म्हणजे डीएनएसचा पोर्ट (साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा).

ते कसं होतं बघा. राउटरच्या डीएनएसच्या पानावर ‘अलाव रिमोट रिक्वेस्ट्स’ ही टिक असते. आतल्या पीसींना राउटरकडून डीएनएस घ्यायचं तर ती लागतेच. छोट्या राउटरांच्या मूळ कॉन्फिगमध्ये बाहेरच्यांना अडवणारे नियमही असतात. पण बसवणारे बरेचदा ते कॉन्फिग पुसून कोऱ्या राउटरवर काम सुरू करतात, टिक लावतात, आणि नियम घालायचे राहून जातात. मग जगातला कोणीही तुमच्या राउटरला डीएनएसचे प्रश्न विचारू शकतो. हल्लेखोर प्रश्न पाठवताना स्वतःच्या जागी दुसऱ्याचा आयपी टाकतो. प्रश्न इवलासा, उत्तर २८ ते ५४ पट मोठं, आणि ते तुमच्या लाइनवरून त्या तिसऱ्याच माणसावर जाऊन आदळतं. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेवर ३०० जीबीपीएसच्या घरातला मारा झाला तो याच युक्तीने. तुम्ही पीसी कितीही स्कॅन केलेत तरी काही सापडणार नाही, कारण पीसींचा यात संबंधच नाही.

उपाय राउटरवरच आहे. त्याच्याच फायरवॉलच्या इनपुट चेनमध्ये (खुद्द राउटरकडे येणाऱ्या ट्रॅफिकच्या नियमांची यादी): चालू कनेक्शनं येऊ द्या, पिंग येऊ द्या, व्हीपीएनचा पोर्ट येऊ द्या, आणि बाहेरच्या इंटरफेसवरून येणारं बाकी सगळं ड्रॉप. नियमांचा क्रम महत्त्वाचा आहे, ड्रॉप शेवटी. हात लावण्यापूर्वी वरचं ‘सेफ मोड’ बटण दाबा; चुकून स्वतःलाच बाहेर काढलंत तर बदल आपोआप मागे जातात.

आता दुसरी गोष्ट, आणि मला हिची जास्त काळजी वाटते. ज्या राउटरवर ५३ उघडा राहतो त्यावर विनबॉक्सचा ८२९१ सुद्धा बहुतेक उघडाच असतो. २०१८ मध्ये विनबॉक्समध्ये असं छिद्र सापडलं होतं की लॉगिन न करता राउटरमधली युजर-पासवर्डची फाइल बाहेर काढता येत होती. दुरुस्ती त्याच एप्रिलमध्ये आली, ६.४२.१ मध्ये. पण ज्यांनी अपडेट केलं आणि पासवर्ड तोच ठेवला, त्यांचा चोरलेला पासवर्ड पुढेही चालत राहिला. म्हणून हे नीट तपासा: फर्मवेअरची आवृत्ती, युजरची यादी, शेड्यूलर, स्क्रिप्ट, सॉक्स आणि वेब प्रॉक्सी (दुसऱ्याचा ट्रॅफिक तुमच्या राउटरमधून वळवणाऱ्या सेवा) आणि नॅटचे (पत्ते-पोर्ट बदलून पुढे पाठवायचे) नियम. सॉक्स चालू दिसला किंवा शेड्यूलरमध्ये बाहेरून फाइल आणणारी ओळ दिसली तर ती नुसती पुसून पुढे जाऊ नका. राउटर नेटइन्स्टॉलने (सिस्टिम नव्याने भरायचं मायक्रोटिकचं टूल) पूर्ण कोरा करा. जुनी बॅकअप फाइल परत चढवू नका, तिच्यातून घाणही परत येईल. एक्सपोर्ट (सगळं कॉन्फिग वाचता येईल अशा मजकुरात) काढून तो मजकूर ओळ न् ओळ वाचा आणि जी ओळ कशासाठी आहे हे कळतं तीच नव्याने टाका.

१९७० ची तारीख: बऱ्याच छोट्या राउटरांत घड्याळाची बॅटरीच नसते. लाइट आली की वेळ शून्यापासून सुरू. आणि लॉग डीफॉल्टने मेमरीतच राहतो, फक्त शेवटच्या १००० ओळी. वळीव आणि नंतरचे चार महिने आपल्याकडे लाइट कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक वेळी पुरावा पुसला जातो. दोन कामं करा. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवायची सोय) चालू करा. आणि सिसलॉग, म्हणजे लॉगच्या ओळी, यूडीपी ५१४ वरून आतल्या एका मशीनकडे पाठवा, जी यूपीएसवर आहे. त्यासाठी जुना ऑफिस पीसी, त्यात एक चांगली एसएसडी आणि लिनक्स एवढं पुरतं.

त्याच मशीनवर लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स (नेटवर्कवर नजर ठेवणारे प्रोग्राम) टाका. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही चांगले. राउटर आणि स्विचवर एसएनएमपी (यंत्रांचे आकडे दुरून वाचायची पद्धत) चालू करताना आवृत्ती ३ घ्या. १ आणि २सी मध्ये कम्युनिटीचं नाव, जे पासवर्डचं काम करतं, उघडं जातं, आणि निम्म्या ठिकाणी ते ‘पब्लिक’ हेच असतं. काउंटर ६४ बिटचेच वाचले जातायत ना, तेही बघा. ३२ बिटचा काउंटर गिगाबिट पोर्टवर पूर्ण भाराने ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचलात तर ग्राफ सुंदर दिसेल आणि धादांत खोटा असेल.

अलर्ट सुरुवातीला मोजकेच ठेवा. झॅबिक्समध्ये आणि लिब्रेएनएमएसमध्ये कोण कोणावर अवलंबून आहे हे सांगता येतं. स्विच राउटरच्या मागे, पीसी स्विचच्या मागे. हे नाही सांगितलंत तर एकदा लाइट गेली की मोबाइलवर पन्नास मेसेज येतात, आठवडाभरात तुम्ही ते बघायचं सोडता, आणि ज्या रात्री खरं काही घडतं त्या रात्रीचा मेसेजही त्यातच बुडतो. यूपीएसचा ‘बॅटरीवर गेलो’ हा अलर्ट वेगळा ठेवा.

टॉर्चमध्ये काय दिसलं ते इथे लिहा.

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)

कुडाळच्या दादांनी सांगितलं त्यात भर घालते. मी पतसंस्थेत सिस्टिम बघते.

२८ एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत, फक्त बँकांना नाही. लॉग १८० दिवस ठेवायचे. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायची. आणि ठरवून दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आली की ६ तासांत कळवायचं. राउटरवरचा हल्ला त्या यादीत आहे. टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. नुसतं नेट स्लो झालं म्हणून कोणी कळवत नाही, पण राउटरमध्ये कोणी घुसल्याचं दिसलं तर तो स्क्रीन पुसण्याआधी फोटो काढा, एक्सपोर्ट काढा, वेळ लिहून ठेवा. साफ करण्याच्या घाईत लोक तेवढंच विसरतात.

दुसरं, मॉनिटरिंगची मशीन आणि राउटर एकाच रॅकमध्ये असतील तर रॅक गेल्यावर सांगणार कोण? २२ जुलै २०२१ चं पाणी आमच्या बाजारपेठेत काय करून गेलं ते सगळ्यांना आठवतंय. तेव्हापासून मी रॅक पहिल्या मजल्यावरच ठेवायला लावते, आणि बाहेरून, म्हणजे वेगळ्या ऑपरेटरच्या लाइनवरून, दर मिनिटाला एक तपासणी ठेवते. तुमच्याकडे जेट्टीचं ऑफिस आहेच. तिथे एक छोटी मशीन ठेवा, ती मिरजोळ्यावर नजर ठेवेल आणि मिरजोळ्याची तिच्यावर. कॉन्फिगच्या प्रतीही तिसऱ्याच ठिकाणी असू द्या.

ऑपरेटरच्या ओएनटीची (फायबर जिथे येऊन लागते ती पेटी) रिसीव्ह पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसत असेल तर तीही नोंदवा. नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या जीपॉन फायबरमध्ये उणे २७ डीबीएम ही शेवटची मर्यादा. पावसाळ्यात फांद्यांनी केबल ओढली जाते, तेव्हा आकडा हळूहळू खाली सरकतो. ‘लाइन ओके आहे’ म्हणणाऱ्याला तो ग्राफ दाखवला की माणूस त्याच दिवशी येतो.

मिरजोळे_आयटी (रत्नागिरी)

दादा, ताई, मनापासून आभार. रात्री अकराला बसले. ब्रिजचा आरएक्स दोनच्या आसपास, बाहेरचा टीएक्स ९४. टॉर्चमध्ये माझ्या बाजूला खालपासून वरपर्यंत यूडीपी ५३, आणि समोर कधी न पाहिलेले पत्ते, सेकंदाला बदलणारे. सेफ मोड लावून इनपुटचे नियम घातले. शेवटचा ड्रॉप लागला आणि टीएक्स डोळ्यांसमोर ९४ वरून दीडवर आला. ड्रॉपच्या नियमाचा काउंटर मात्र अजून धावतोय, म्हणजे प्रश्न येतच आहेत ना?

आज पहाटे जेट्टीच्या एंट्री झाल्या. वजन करणाऱ्या मामांनी स्वतःहून फोन केला.

आता वाईट बातमी. फर्मवेअर ६.४० च्या घरातलं आहे. विनबॉक्स बाहेरून उघडा होता. शेड्यूलर रिकामा, सॉक्स बंद, पण ‘अ‍ॅडमिन’सोबत आणखी एक पूर्ण अधिकाराचा युजर आहे. बसवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, आमचा नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे फोटो आणि एक्सपोर्ट काढलाय, साहेबांना लेखी कळवलंय आणि सर्ट-इनलाही कळवलं. डीव्हीआर आणि फ्रीझर कंट्रोलर दोन्हींना पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं होतं. ते बंद केलं, तर साहेबांचा फोन आला की फ्रीझर दिसत नाही.

दोन प्रश्न. फ्रीझर साहेबांना दाखवायचे कसे? आणि नेट सुटलं तरी माल उतरवण्याच्या शेडमधला एक पीसी मधूनच तुटतो. त्याच्या स्विच पोर्टवर एफसीएस एरर वाढत चालल्यात. हेही राउटरमध्ये घुसलेल्याचंच काम आहे का?

लोटे_बी_शिफ्ट (खेड)

ओपन डीएनएस माझ्या डोक्यात आलं नव्हतं, चांगलं शिकायला मिळालं. पण फायरवॉलबद्दल माझं मत तेच आहे. आमच्याकडे केमिकलच्या युनिटला आहे आणि त्याच्या रिपोर्टमुळे बऱ्याच गोष्टी वेळेत कळल्या.

कुडाळ_नेटवर्कवाला (कुडाळ)

भाऊ, रिपोर्ट वाचणारा माणूस तुमच्याकडे आहे म्हणून कळल्या. ताईंकडेही आता तो माणूस आहे, तेव्हा पुढच्या वर्षी घ्यायला हरकत नाही. कोटेशन मागताना दर वर्षीच्या लायसन्सचा खर्च वेगळा लिहून घ्या, तो पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही.

ताई, काउंटर काही दिवस धावेल. तुमचा पत्ता त्यांच्या यादीत आहे. उत्तर मिळेनासं झालं की येणं हळूहळू कमी होतं. येणारे प्रश्न बारीक असतात, डाउनलोडला त्रास नाही.

तो दुसरा युजर सापडला म्हणजे विषय संपला. या राउटरवर आता विश्वास ठेवायचा नाही. नुसता अपग्रेड करून थांबू नका. येत्या रविवारी नेटइन्स्टॉल, नवीन आवृत्ती, नवीन युजर, ‘अ‍ॅडमिन’ बंद, आणि राउटरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड बदला: व्हीपीएनचे, ऑपरेटरचं पीपीपीओई लॉगिन असेल तर त्याचा, वाय-फायचा. तोच पासवर्ड सर्व्हरवर कुठे वापरला असेल तर तिथलाही. विनबॉक्स फक्त तुमच्या पीसीच्या आयपीवरून आणि व्हीपीएनमधून.

रायगडात न्हावा-शेवाचं उदाहरण आपल्या किनाऱ्यावरचंच आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे मालवेअर आलं तेव्हा जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प झालं, कारण ते चालवणाऱ्या जागतिक समूहाच्या यंत्रणा परदेशात पडल्या होत्या. इथल्या क्रेनवाल्याने कुठल्या फाइलला हात लावला नव्हता, तरी कंटेनर अडकून पडले. सगळं एकाच सपाट नेटवर्कवर असलं की असं होतं, आणि तुमचे फ्रीझर आज बिलिंगच्या पीसींच्या शेजारीच बसलेत. म्हणून त्यांना स्वतंत्र व्हीएलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) द्या, कॅमेऱ्यांना दुसरं. दोघांनाही बाहेर इंटरनेट नाही आणि बाहेरून पोर्ट नाही. साहेबांच्या मोबाइलवर व्हीपीएन टाकून द्या. एकदा चालू करून दाखवलंत की फ्रीझर पूर्वीसारखे दिसतील.

मात्र उणे १८ चा माल नेटवर्कच्या भरवशावर ठेवू नका. कंट्रोलरला रिले असतो, त्याला थेट भोंगा आणि सिमवर चालणारा जीएसएम डायलर जोडा. झॅबिक्सचा अलर्ट त्याच्या जोडीला असू द्या, त्याच्या जागी नको. हे काम आधी करा, बाकीचं त्यानंतर.

शेडमधला पीसी: त्यात कोणाचा हात नाही, ती खारी हवा आहे. एफसीएस एरर म्हणजे फ्रेम वाटेत खराब होऊन पोचतेय. तिथली आरजे-४५ काढून उजेडात धरा. सोनेरी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसेल, आणि स्विचच्या पोर्टातल्या तारांवरही तोच. स्विच शेडबाहेर बंद पेटीत हलवा, नवीन केबल टाका, लांबी १०० मीटरच्या आत आहे का मोजा. दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर ओढलेली असेल तर ती काढून फायबर घाला, नाहीतर वळवातल्या विजेने एकदा दोन्हीकडचे पोर्ट जातील. आणि हा एरर काउंटरही ग्राफवर आणा. एरर दर तासाला वाढत असतील तर अलर्ट. एकदाच वाढून थांबल्या तर नको.

नेहमीचा भार किती हे ठरवायला निदान दोन आठवड्यांचा ग्राफ जमू द्या, मगच मर्यादा घाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा जेट्टीचा ट्रॅफिक जवळजवळ शून्य असेल. त्या आकड्यांवर मर्यादा बसवलीत तर १ ऑगस्टला पहिल्या बोटीबरोबर सगळे अलर्ट वाजतील. मेमधला ग्राफ जपून ठेवा, ऑगस्टला तोच धरा. व्हीएलॅनचं काम मात्र बंदीच्या काळातच उरका. स्विचचे पोर्ट एकेक करून हलवायचे, आणि प्रत्येक पोर्टावर काय आहे ते कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवायचं. नेटइन्स्टॉल करताना अडलात तर इथेच लिहा, रविवारी मी दिवसभर आहे.